लू, धूळ आणि तीन टनी

१४ मे
लखनौ, कानपूर रोडवरचं गोदाम. सकाळी आठलाच लू सुटली. तीन टनी डिझेल फोर्कलिफ्टचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे. गाडी चालवणारे चाचा म्हणतात, "पानी कम है साहब." पाणी भरपूर आहे. रेडिएटर तुंबलाय.

१५ मे
मागची जाळी काढली. या गाडीचा पंखा हवा मागे ढकलतो, म्हणून कचरा इंजिनाच्या अंगाला बसतो. बाहेरून पाहावं तर रेडिएटर स्वच्छ. काउंटरवेटच्या बाजूने हवा मारली. भुसा, सुतळीचे धागे, स्ट्रेच फिल्मच्या चिंध्या, वर धुळीचा थर. आता रोज सकाळी हवा, वहीत सही.

१७ मे
एअर फिल्टर चाकावर आपटून झाडतात. सगळेच. कागद फाटला की धूळ थेट सिलिंडरमध्ये. आतला फिल्टर तर झाडायचाच नसतो, बदलायचा. ओरडलो. किती दिवस टिकतंय बघू.

२० मे
मास्टच्या साखळीला कुणीतरी ग्रीस फासलं. या धुळीत ग्रीस म्हणजे पिना झिजवायचं औषध. पुसून काढलं, तेल दिलं.

२२ मे
रात्री वीज नाही. झोप नाही.

२५ मे
नौतपा लागला. सूर्य रोहिणीत. आमच्याकडे विट्याला रोहिणी म्हणजे पेरणीची लगबग. इथे म्हणतात, हे नऊ दिवस तापले तर पाऊस चांगला. तापायचं कुणी?

चाचांनी डोक्यावरच्या गार्डवर ओलं गोणपाट बांधलंय. गार्डला फटी असतात त्या वरचा माल दिसावा म्हणून. तिसऱ्या थरावर पॅलेट चढवताना हे गोणपाट म्हणजे डोळ्यावर पट्टी. काढायला लावलं. त्यांनी सोडलं, नीट घडी घातली, सीटमागे खोचलं. लखनौचा माणूस चिडला की जास्तच अदबीनं बोलतो. हे बोललेच नाहीत.

२६ मे
लिव्हरच्या मुठीला फडकं गुंडाळलंय. उचललेला भार बघता बघता खाली बसतो. हायड्रॉलिक तेल पातळ झालंय. ४६ काढून ६८ नंबर घालायचं.

२८ मे, मंगळवार
पहिला बडा मंगल, जेठातला हनुमानाचा मंगळवार. आपल्या पंचांगात अजून वैशाख वद्य, यांचा जेठ सुरू. रस्ताभर मांडव, पुरी-सब्जी, सरबत. ट्रक अडकले. चाचा दुपारच्या नमाजाला गेले, येताना सरबताचे दोन ग्लास. एक माझ्यापुढे ठेवला.

२९ मे
बॅटरीची गाडी. ४८ व्होल्ट, २४ सेल. भर दुपारी चार्जिंगला लावलेली. सेल पन्नास अंशांच्या वर. बंद केली. यापुढे पहाटे. पाणी चार्जिंग झाल्यावर, तेही डिस्टिल्डच. टँकरचं ओततात असा संशय आहे.
पुस्तक चाळलं. बॅटरीनं किती तापावं ते आहे, तेलाचं आहे. चालकाचं पान नाही.

३० मे
चाचा स्टिअरिंगवर डोकं टेकून. इंजिन चालू, पॅलेट वर. हाक मारली, ओ नाही. अंग कोरडं, भट्टीतून काढल्यासारखं. सावलीत नेलं, पाणी ओतलं, काखेत बर्फ. दवाखाना.

३१ मे
सलाइन चालू. मुलगा म्हणाला, "अब्बा गाड़ी का पूछ रहे हैं."

१ जून
बदली पोरगा. वळणावर हॉर्न नाही. फोर्क छातीएवढे वर ठेवून पळवतो. वीतभर उंचीवर आणायला लावले.
मालकांना अर्ज दिला : काम पहाटे पाच ते अकरा, मग संध्याकाळी पाचनंतर. यार्डावर हिरवी जाळी. मालक म्हणाले, "ट्रकवाले थांबतील का?"

३ जून
उत्तर नाही.

५ जून
आंधी. चारला अंधार. मास्ट खाली, फोर्क जमिनीला, हँडब्रेक, आणि आत पळा. शेजारचे दोन पत्रे आमच्या यार्डात. कालच घातलेला फिल्टर गेला.

७ जून
मृग. गावाहून फोन, पाऊस पडला म्हणे. इथे धूळ.
मालकांच्या केबिनचा एसी सकाळपासून बंद. दुपारी अर्जावर सही होऊन आली.

१० जून
जाळी बांधली. पाचला काम सुरू. पोरगा सव्वापाचला आला, पण फिल्टर हातानं सोडवून ठेवला. आपटला नाही.

१५ जून
चाचा आले. गालफडं बसलीत. मलिहाबादची दसहरी पिशवीभर. डॉक्टरांनी ऊन बंद केलंय. त्यांना बॅटरीची गाडी दिली, गोदामाच्या आत. नाराज. "ये तो बोलती ही नहीं साहब. डीज़ल वाली आवाज़ से बता देती थी."

२१ जून
पाऊस. महिन्याची धूळ रॅम्पवर ओली झाली, पाय ठरेना. भरलेली गाडी उताराला उलटी घ्यायची असते; पोरगा सरळ निघाला. मी पोचायच्या आत चाचांनी दारातूनच आवाज टाकला. अदब-बिदब काही नाही. पोरगा थांबला.
रॅम्प खरवडून धुतला. उद्या : ब्रेक, डिझेलच्या टाकीतलं पाणी काढणं, बॅटरीच्या टर्मिनलना व्हॅसलीन.