वैनगंगेपलीकडचे नाव

गोंदियाहून सकाळी सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आपल्यापैकी पुष्कळांच्या नित्य परिचयाची आहे. लग्नाचे बस्ते, घाऊक माल, मोठे दवाखाने, सर्वांसाठी नागपूर आणि नागपूरसाठी ही गाडी. पौषातील त्या सकाळी मात्र आम्ही तिघे निराळ्याच कामासाठी तिच्यात बसलो होतो. माझी पुतणी नुकतीच अठरा वर्षांची झाली होती. अडीच वर्षांची असताना ज्या अनाथालयातून ती आमच्या घरी आली, ते तिला पाहायचे होते. दादा दुकानाचे निमित्त सांगून मागे राहिले. वहिनी आल्या, परंतु तिरोडा येईपर्यंत त्यांनी एक शब्द उच्चारला नाही.

धान केव्हाच कापून झाले होते. बांध्यांतून लाखोरी हिरवीगार पसरली होती. पुढे वैनगंगेच्या पुलावर गाडीचा आवाज बदलला, तेव्हा मुलगी खिडकीशी सरकली. "काका, मला आणले तेव्हा हा पूल लागला होता का?" मी हो म्हणालो. त्या प्रवासात ती वहिनींच्या मांडीवर गाढ झोपली होती, हेही सांगितले.

व्यापारी घराण्यांना दत्तक नवे नाही. वंश आणि पेढी चालावी म्हणून भावाचा मुलगा मांडीवर घेण्याची रीत जुनी आहे, आणि १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. पण त्या दत्तकाला जन्मघर ठाऊक असे. सणावाराला तो तिथे जेवूनही येई. संस्थेतून आलेल्या लेकराला असे दुसरे अंगण नसते. ते अंगण शोधायला निघालेले मूल आपल्यापासून दूर जाईल, हे वहिनींचे भय मला कळत होते. त्या तसे बोलल्या नाहीत एवढेच.

गाडीत मी मुलीला फाल्गुन बिनेनडाइक यांची हकीकत सांगितली. १० फेब्रुवारी १९८५ रोजी नागपुरात जन्मलेले हे बाळ तीन दिवसांचे असताना मातृसेवा संघात ठेवले गेले. बालविधवा कमलाताई होस्पेट यांनी परिचर्येचे शिक्षण घेऊन १९२१ मध्ये उभारलेली ही संस्था विदर्भातील घरोघरी ठाऊक आहे. बाळाला एका डच दांपत्याने दत्तक घेतले. तेच पुढे नेदरलँड्समधील हीमस्टेडचे महापौर झाले आणि जन्मदात्या आईच्या शोधात नागपुरास आले. स्वतःच्या शोधाविषयी बोलताना त्यांनी कर्ण आणि कुंतीचे नाव घेतले. त्यांचे 'फाल्गुन' हे नाव एका परिचारिकेने महिन्यावरून ठेवलेले, आणि ते त्यांनी परदेशात आजवर सांभाळले आहे. (पंचांग उघडून बसणाऱ्यांसाठी सांगतो: आपल्या मराठी गणनेप्रमाणे त्या दिवशी माघ वद्य चालू होते, परंतु पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या उत्तरेकडील पंचांगात फाल्गुन लागला होता. आपल्या मारवाडी घरांना हा घोळ नवा नाही.)

हीच गाडी नागपूरहून पुढे पुण्याला जाते. तिथल्या ससून रुग्णालयाच्या 'श्रीवत्स' या संस्थेतून १९७९ मध्ये लैला नावाची मुलगी स्थळेकर दांपत्याच्या घरी गेली. लिसा स्थळेकर या नावाने तिने ऑस्ट्रेलियाचे कर्णधारपद भूषवले, आणि तीही पुढे 'श्रीवत्स' पाहून आली. "तिचे नाव बदलले," पुतणी म्हणाली, "माझेही आधी दुसरे असेल ना?" वहिनींनी खिडकीबाहेर पाहिले.

आम्ही गेलो ती संस्था लहान होती. रांगेने पाळणे आणि दोरीवर वाळणारी असंख्य झबली. मुलीला काहीच आठवेना, याचे तिला फार वाईट वाटले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी ती थबकली. तिथे जमिनीत पाटा बसवलेला होता. त्यावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. आठवले की आठवावेसे वाटले, हे मी विचारले नाही.

कार्यालयातील ताईंनी तिला नीट समजावले. वय अठरा पूर्ण झाल्याने मुळाच्या शोधासाठी ती स्वतः रीतसर अर्ज करू शकते. मात्र मूल सोपवणाऱ्या आईने आपली ओळख गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर ती उघड केली जात नाही. अर्जाचे नंतर पाहू, असे मुलगी म्हणाली. संस्थेत आपल्याला काय म्हणत, एवढेच तिने विचारले. ताईंनी नाव सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचे आहे. वहिनींच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले नाही, आणि मुलीने ते पाहिले.

"आई, तुला ठाऊक होते?"

उत्तर आले नाही.

परतीच्या गाडीत कामठी गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पर्युषणात कल्पसूत्राच्या वाचनात देवानंदा येते. गर्भ त्रिशलामातेकडे गेल्यावर तिचे पुढे काय होते?"

श्वेतांबर परंपरेतील ती कथा भगवती सूत्रात पुढे आहे. भगवान महावीरांच्या दर्शनास आलेल्या देवानंदेच्या स्तनांना त्यांना पाहताच पान्हा फुटतो. गौतमस्वामी कारण विचारतात, तेव्हा भगवान भर सभेत सांगतात की ही माझी माता आहे. देवानंदा पुढे दीक्षा घेते. मी सांगत असता वहिनी एकटक ऐकत होत्या. "आणि त्रिशलामातेला आपण माताच म्हणतो," त्या स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाल्या.

मग त्यांनी पर्समधून चार घड्यांचा पिवळा पडलेला कागद काढला. दत्तकविधानाच्या वेळचा तो कागद. त्यावर जुने नाव होते. साडेपंधरा वर्षे तो कपाटात साड्यांखाली होता, आणि सकाळी देण्यासाठी आणूनही त्यांच्याने दिला गेला नव्हता.

मुलीने तो दोनदा वाचला. वैनगंगेचा पूल आला, सूर्य बराच खाली उतरला होता. कागदाची घडी घालून तिने तो वहिनींच्याच हातात परत दिला आणि म्हणाली, "घरी गेल्यावर दे. आता डबा काढ, चौविहाराची वेळ होईल."