जळणाचे झाड पानावरून ओळखा

चिपळूण सोडून कुंभार्ली घाटाच्या वाटेला लागलात की ऐन-किंजळीचे रान भेटते. मार्गशीर्षात ते जरूर पाहा. जळणतोड फाल्गुनात करायची. पण तेव्हा पाने झडलेली असतात आणि मनगटाएवढी कोवळी खोडे सगळी सारखीच दिसतात.

मोठ्या ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळ साल तुम्हाला ठाऊकच आहे. रोपट्याची तशी नसते. म्हणून पान उलटून पाहा. देठाजवळ मधल्या शिरेवर एक-दोन बारीक गाठी असल्या, तर तो ऐन. किंजळीच्या पानालाही गाठी असतात. पण या दोहोंत गफलत झाली तरी चुलीचे नुकसान नाही. दोन्ही लाकडे जड, निखारा टिकाऊ.

गफलत नडते ती बिब्ब्याशी. त्याचे पान मोठे, टोकाकडे रुंद व गोलसर, खालून फिकट. चीक हवा लागताच काळा पडतो. तो अंगावर उतला की फोड येतात, धूरही वाईट. मोळी घरच्या लेकी-सुना डोक्यावर आणतात, हे विसरू नका.

पिसासारखे पान आणि देठाखाली वाकड्या काट्यांची जोडी म्हणजे खैर. खैर, साग अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याचे बंधन आहे. कोयता लावण्याआधी वनखात्यात विचारा.

तेव्हा पाने आहेत तोवरच सुंभाची खूण बांधून ठेवा. ऐनाचा बुंधा पुन्हा फुटतो. त्याचे वाकडे फुटवे काढा, सरळ राखा. पुढचे जळण तिथेच उभे राहील.