चेरी नावाचं झाड

मंडळी, आधीच सांगून टाकतो. हा लेख ज्या झाडावर आहे ते चेरीचं नाही. खरी चेरी थंडीची. हिवाळ्यात सात अंशांच्या खाली शेकडो तास काढल्याशिवाय ती धड फुलत नाही, त्यामुळे काश्मीर-हिमाचल सोडून ती सहसा खाली उतरत नाही. आमच्या नांदगाव खंडेश्वरला थंडी म्हणजे डिसेंबरातले दोन आठवडे स्वेटर, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. (केकवरची ती लालबुंद चेरीसुद्धा पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असते. आपल्याकडे चेरी या नावावर विश्वास ठेवू नये हेच खरं!)

तर हे झाड म्हणजे सिंगापूर चेरी. ते मूळचं सिंगापूरचंही नाही, अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं आहे. शास्त्रीय नाव मुंटिंगिया कॅलाब्युरा, सतराव्या शतकातल्या अब्राहम मुंटिंग या डच वनस्पतिशास्त्रज्ञावरून ठेवलेलं. पुण्यात सोसायट्यांच्या कडेला तुम्ही ते नक्की पाहिलं असणार. आडव्या पसरलेल्या छत्रीसारख्या फांद्या, हाताला चिकट लागणारी लवदार पानं, स्ट्रॉबेरीच्या फुलासारखी पांढरी फुलं. फूल एका दिवसाचं, पण रोज नवीन. फळ बोराहून लहान, लाल, आत खसखशीसारख्या बारीक बिया. तोंडात टाकलं की जत्रेतले म्हातारीचे केस आठवतात. आणि बारा महिने हिरवं.

आमच्या अंगणातला जुना कडूनिंब रस्ता रुंद करताना गेला. त्यानंतर जुलै २०१७ मध्ये बाबांनी अमरावतीच्या एका नर्सरीतून हे रोप आणलं. मी फोनवर म्हटलं, बाबा निंबच लावा ना, पन्नास वर्षं बघायला नको. बाबा तेव्हा ६८ वर्षांचे.

"निंब लावला तं सावली तुह्या पोराले भेटन. मले आत्ता पाह्यजे."

यावर काय बोलणार? आमच्या धंद्यात डेडलाइन क्लायंट देतो. बाबांनी स्वतःची स्वतःच धरली होती, आणि कुठलाही मॅनेजर करणार नाही इतक्या थंड डोक्याने.

लावायचं कसं ते त्यांच्याकडूनच शिकलो. आमची काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते, आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. म्हणून खड्डा दोन फूट, तळाला दगडगोटे आणि मुरूम, वर शेणखत मिसळलेली माती. भोवती बोरीच्या काट्या, कारण गावच्या बकऱ्यांना कुंपण हा शब्द माहीत नाही. बुंध्यापासून हातभर अंतरावर एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं, बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुतळीची वात. तीन दिवसांतून एकदा मडकं भरायचं, बस. मातीवर सोयाबीनचं कुटार पसरलं की ओल टिकते. हे दोन उन्हाळे. नंतर मडकं काढलं तरी झाडाने तक्रार केली नाही.

दीड वर्षात पहिली फळं. मे २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे मी घरीच अडकलो होतो, तेव्हा सकाळचा स्टँडअप कॉल मी त्याच झाडाखाली खाटेवर बसून घ्यायचो. मागे बुलबुल एवढे ओरडायचे की टीममधल्यांना वाटायचं मी रिसॉर्टवर आहे :-)

पण भरभर वाढणाऱ्या झाडाचं लाकूड ठिसूळ असतं. आणि कचरा! पानं वर्षभर गळतात, पिकली फळं फरशीवर चेंगरतात, रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी चुन्याच्या भिंतीवर त्यांची सही असते. स्लॅबच्या फटीत, टाकीच्या पाइपाशी रोपं उगवतात, ती बोटभर असतानाच उपटावी लागतात. हे सगळं आई करते. पुण्यात बसून 'किती छान झाड' म्हणणं सोपं आहे, तिथे रोज दोनदा झाडू आहे. तिचं मत स्पष्ट आहे: तोडा.

मागच्या मे महिन्यात वादळात एक मोठी फांदी शेजाऱ्यांच्या टिनावर पडली. कोणाला लागलं नाही, टिन आम्ही बदलून दिलं, पण आता तेही आईच्या पक्षात. मी दोन दिवसांसाठी गेलो तेव्हा घरात अक्षरशः मीटिंग बसली. बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. काठी टेकत मला झाडामागे घेऊन गेले आणि बोट दाखवलं. तिथे कडूनिंब होता, माझ्या खांद्याएवढा. कोणी लावलेला नाही. वटवाघळं निंबोळ्याही खातात, बिया इथे टाकून जातात. चेरीच्या सावलीत, त्याच कुटाराच्या ओलीत तो तगला होता. बाबांनी त्याला गुपचूप आळं करून ठेवलं होतं.

"हा मोठा झाला का हे तोडजो. तोवर राहू दे."

तोवर म्हणजे किती वर्षं, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. आईने ऐकलं आणि झाडू उचलून निघून गेली. संध्याकाळी म्हणाली, शेजारच्या बाजूच्या फांद्या तरी काप.

म्हणून यंदा वादळं सुरू व्हायच्या आत, एप्रिलच्या पहिल्या शनिवारी जातोय. शेजारच्या बाजूच्या तीन आडव्या फांद्या काढायच्या. आधी खालून थोडा काप, मग वरून, म्हणजे फांदी पडताना साल ओरबाडून नेत नाही. निंबावर दुपारचं ऊन थेट येणार नाही एवढी छत्री मात्र ठेवायची. खाटेच्या बाजूला हात लावायचा नाही. आणि केर काढायला एक बाई लावायचं ठरलंय, तिच्याशी आई पगारावरून अजून घासाघीस करतेय.