नवाबाचा दस्तरखान

सोलापुरातल्या उर्दू माध्यमाच्या एका शाळेत आम्ही विज्ञान शिकवतो. स्वतःला 'हम' म्हणायची सवय मराठी लिहितानाही सुटत नाही, तेवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे. सहावीच्या वर्गात दरवर्षी आम्ही फळ्यावर तीन रकाने आखतो. पहिल्यात गाय-बकरी, दुसऱ्यात माणूस-कावळा आणि तिसऱ्यात वाघ, सिंह, मांजर. तिसऱ्या रकान्यावर 'गोश्तखोर' असे ठळक लिहितो. बी.एड.ला असताना याच पाठाला आम्हाला शाबासकी मिळाली होती. आणि घरी आल्यावर रोज संध्याकाळी तोच गोश्तखोर प्राणी दुधात कुस्करलेली खारी खाताना आम्ही कौतुकाने पाहत होतो.

त्याचे नाव नवाब. २०१९ च्या पावसाळ्यात अब्बांचा इंतकाल झाला, त्यानंतर महिन्याभरात हे भिजलेले पिल्लू जिन्यात सापडले. अम्मी तेव्हा कुणाशी फारसे बोलत नसे. असरनंतर चहा करायची, बशीत दोन खाऱ्या ठेवायची, एक स्वतःची, एक अब्बांची. चाळीस वर्षांची सवय. अब्बांची खारी तशीच राहायची. एके दिवशी नवाबाने ती ओढून खाल्ली आणि अम्मी कितीतरी दिवसांनी हसली. तेव्हापासून ती खारी त्याची झाली. आम्ही कशाला आडवे येतो?

खारीमागून दूध आले, दुधामागून मलई, ईदला शीरखुर्मा. शेजारणी पाव आणायच्या. खाटीकभाई ओळखीचे, ते कलेजीचे तुकडे बांधून द्यायचे. 'बिल्ली के ख्वाब में छीछडे' म्हणतात, आमच्या नवाबाला ते जागेपणीच मिळत होते. वर दुकानातले कोरडे दाणे भांड्यात दिवसभर पडलेले. बाहेर मात्र त्याला सोडत नव्हतो. गल्लीतल्या कुत्र्यांनी शेजारची दोन मांजरे मारली होती. पाहता पाहता नवाब सात किलोंचा झाला. येणारा-जाणारा म्हणायचा, "माशाल्ला, घरचे खाणे अंगी लागले."

२०२३ चा मे महिना. सोलापूरचे ऊन सांगायला नको. नळाला पाणी काही दिवसांआड, घरात प्रत्येक कळशीचा हिशेब. नवाबाच्या वाटीतले पाणी सकाळचेच संध्याकाळी कोमट पडलेले असायचे, आणि तो ते पीत नाही हे कुणाच्या लक्षातही आले नाही. एका रविवारी तो पुन्हा पुन्हा वाळूच्या टोपलीत जाऊन बसू लागला. कुंथायचा, ओरडायचा, बाहेर यायचा, परत जायचा. अम्मीला वाटले पोट साफ होत नाही, तिने दुधात तूप घालून पाजले. आम्हीही 'बरोबर आहे' म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याने उलटी केली आणि कोपऱ्यात निपचित पडला. बाजाराच्या टोपलीत घालून रिक्षाने दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पोटाला हात लावताच सांगितले, लघवी तुंबली आहे. बोक्यांची मूत्रनळी फार अरुंद असते. लघवीत खडे धरले, बारीक कण साचले की ती बंद होते. मग रक्तात पोटॅशियम वाढते आणि हृदय थांबते. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. बारीक नळी घालून वाट मोकळी केली, सलाइन लावले. तीन दिवस तो तिथेच होता.

"खायला काय देता?" या प्रश्नाला आम्ही यादी सांगितली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सर, एकाच गोष्टीला दोष देता येत नाही. वजन, बसून राहणे, कमी पाणी, सगळे मिळून होते. पण यात मांजराचे खाणे कोणते?"

त्या तीन रात्री आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो. मांजर मूळचे कोरड्या मुलखातले. उंदराच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी, त्यामुळे शिकारीतूनच त्याची तहान भागते. वाटीकडे ते आपणहून फारसे जात नाही. कोरडे दाणे खाणाऱ्याला म्हणूनच पाणी कमी पडते. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही. गोडाची चव तर त्याला कळतच नाही, त्या चवीचे जनुक त्याच्यात निकामी असल्याचे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवले. म्हणजे शीरखुर्म्यात तो साखर नव्हे, तूप चाटत होता. टॉरिन नावाचा घटक मांजराचे शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा खराब होतो हे १९७५ मध्ये, आणि हृदय दुबळे होते हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. रोजची कलेजीही वाईट, 'अ' जीवनसत्त्व साचून हाडे आखडतात. आणि सालनातला कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. आम्ही फळ्यावर एक शब्द लिहून मोकळे झालो होतो, त्या शब्दात एवढे सगळे होते.

खरी अडचण पुढे होती. अम्मीला कसे सांगायचे? आम्ही ठरवले, उन्हाने झाले म्हणू. पण तिसऱ्या दिवशी ती हट्टाने दवाखान्यात आली आणि डॉक्टरांनाच विचारून बसली. परतताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. रात्री ताट सरकवून म्हणाली, "दादी तुला त्या बाईची हदीस सांगायची ना? मांजर बांधून उपाशी मारले म्हणून दोजखात गेली ती. मी तर खाऊ घालून मारत होते."

ती हदीस आम्ही शाळेच्या परिपाठात कितीदा सांगितली आहे! पण त्या रात्री तिचा दुसरा भाग पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्या बाईने मांजराला खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे जीवजंतू खायला मोकळेही सोडले नाही. मांजराचे अन्न कोणते, हे तिथेच सांगितलेले आहे. आम्ही त्याला दार बंद करून ठेवले, तेव्हा बाहेर त्याने जे मिळवले असते ते देणे आमच्यावर त्याचा हक होऊन बसले. आम्ही मात्र आपले खाणे त्याला दिले आणि त्याला प्रेम म्हटले. अम्मीला एवढेच म्हणालो, "कसूर तुझा नाही. शिकलेले आम्ही होतो."

आता त्याचा दस्तरखान असा. डॉक्टरांनी दिलेले ओले खाणे काही महिने चालले. आता मांजरासाठीचा संपूर्ण आहार असलेले ओले खाणे मुख्य, थोडे थोडे करून दिवसातून चार वेळा, मोजून. सोबत बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, हाडे काढून. नुसत्या कोंबडीने कॅल्शियम वगैरे मिळत नाही, म्हणून ती वरकडच. उकडलेले पाणी फेकत नाही, टॉरिन त्यात उतरते आणि पाणीही पोटात जाते. पाण्याची पसरट मातीची भांडी तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब. खाणे एकदम तोडले नाही, लठ्ठ मांजर उपाशी राहिले तर यकृत बिघडते. त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहायचे आणि आपले वजन वजा करायचे, हे गणित धाकट्या मुलीकडे आहे. वर्षभरात तो साडेपाच किलोंवर आला.

प्रश्न उरला तो असरनंतरच्या खारीचा. पहिले काही दिवस अम्मी चहा घेऊन बसायची, नवाब समोर येऊन बशीकडे पाहायचा आणि ती तोंड फिरवायची. एक दिवस तिने आपणहून अब्बांची बशी धुतली आणि कोंबडीचे बोटभर तुकडे त्यात ठेवले. डॉक्टरांनी अम्मीची साखर तपासायला सांगून दोन वर्षे झाली होती, तीही त्याच आठवड्यात तपासून घेतली. बरीच वाढलेली निघाली. आता तिच्याही बशीत खारी नसते, भाजलेले फुटाणे असतात. त्यावरून ती आमच्यावर चिडते, नवाबाच्या बाबतीत मात्र कुणाला एक दाणा जास्त घालू देत नाही.

शेजारीण परवा पाव घेऊन आली. अम्मीने तो हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "नको बाई, आमचा नवाब गोश्तखोर आहे."