रत्नागिरीचा किनारा

नाताळची सुटी जवळ आली, कीं एकत्र कुटुंबांत यंदा कोठें जावें याचा खल सुरू होतो. मुलांस समुद्र हवा असतो, वडील मंडळींस देवदर्शन, आणि गृहिणींस चार दिवस चुलीपासून सुटका. रत्नागिरीचा किनारा या तिन्ही मागण्या पुरवितो. परंतु वाळूंत धांवून व आंबापोळी बांधून घेऊन परतणें म्हणजे ग्रंथाचें वेष्टन पाहून ग्रंथ वाचल्याचें समाधान मानण्यासारखें आहे. अमरकोशानें समुद्राच्या नांवांत ‘रत्नाकर’ हें एक दिलें आहे. या किनाऱ्याचीं रत्नें मात्र पाण्याबाहेरच शोधावीं लागतात.

पूर्वीं मुंबईहून येथें यावयाचें तर आगबोट किंवा घाटाची वाट धरावी लागे. १९९८ सालीं कोंकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली, आणि म्हाताऱ्या माणसांनाहि हा प्रवास सुखाचा झाला.

शहरांत प्रथम थिबा राजवाडा पाहावा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें व पुढील वर्षीं रत्नागिरीस आणून ठेवलें. हा वाडा १९१० सालीं पुरा झाला. म्हणजे राजाचा पुष्कळसा काळ वाड्याची वाट पाहण्यांतच गेला. १९१६ सालीं तो येथेंच वारला. टेकडीवरील त्या वाड्यांतून खाडी व समुद्र दिसतो. ज्या समुद्रानें त्याला आणलें, तोच रोज पाहावयाचा, परंतु त्यावरून परत जावयाचें नाहीं, या शिक्षेचा अर्थ तेथें उभें राहिल्यावांचून कळत नाहीं. शहरांत त्याची समाधि आहे. २०१२ सालीं म्यानमारच्या राष्ट्राध्यक्षांनीं तेथें येऊन तिचें दर्शन घेतलें.

दुसरे स्थानबद्ध स्वातंत्र्यवीर सावरकर. १९२४ पासून १९३७ पर्यंत त्यांना याच जिल्ह्यांत राहण्याचें बंधन होतें. त्या काळांत, १९३१ सालीं, दानशूर भागोजीशेट कीर यांच्या द्रव्यानें पतितपावन मंदिर उभें राहिलें. सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत मुक्तद्वार, हा त्याचा विशेष. आज मुलांना यांत नवल वाटत नाहीं. म्हणूनच, पूर्वीं देवळाच्या कोणत्या पायरीवर कोणाला थांबावें लागे, हें वडील माणसांनीं तेथें त्यांना न लपवितां सांगावें. तें सांगतांना आपल्याच घराण्यांचा उल्लेख येईल. तो येऊं द्यावा.

सक्तीनें आलेल्यांची ही कथा. येथून बाहेर गेलेल्यांची निराळी. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ सालीं याच शहरांत झाला. त्यांचे वडील शिक्षक होते. त्यांची बदली झाल्यावर १८६६ सालीं कुटुंब पुण्यास गेलें. त्याच वर्षीं मालगुंड येथें केशवसुत जन्मले. तेहि पुढें शिक्षकच झाले, आणि १९०५ सालीं दूर हुबळीस प्लेगनें वारले. त्यांचे बंधु मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्यांना आजहि दीपस्तंभ वाटतें. एका लहानशा गांवानें भाषेला एक कवि व एक वैयाकरण द्यावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. मालगुंडास केशवसुतांचें स्मारक आहे. तें चुकवूं नये.

मालगुंडाजवळच गणपतिपुळें. येथें सारी टेकडीच गणेशस्वरूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीला घालावयाची. ती सुमारें एक किलोमीटर भरते. मुलांना मध्येंच उचलून घ्यावें लागत नाहीं, आणि वृद्धांना सावकाश झेपते. परंतु समोरच्या समुद्राविषयीं निक्षून सांगितलें पाहिजे. वाळू सौम्य दिसली तरी पाणी एकाएकीं खोल होतें, व परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते. येथें पुष्कळ पर्यटक प्राणांस मुकले आहेत. घोट्यापर्यंत पाय भिजवावे. पोहण्याचा हट्ट कोणाचाहि चालूं देऊं नये, मग तो घरचा लाडका जांवई कां असेना.

एक दिवस सड्यावर घालवावा. उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू येथील जांभ्या दगडाच्या पठारांवर माणसाच्या हातानें कोरलेलीं प्राचीन चित्रें आहेत; त्यांस कातळशिल्पें म्हणतात. कशेळीचा हत्ती एवढा प्रचंड आहे, कीं त्याच्या देहांत लहान-मोठ्या इतर प्राण्यांच्या अनेक आकृति मावल्या आहेत. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत या शिल्पांचा समावेश झाला. जांभा हाच कोंकणांतला घरबांधणीचा दगड. त्यामुळें चिऱ्याची खाण आणि हें शिल्प यांचें वैर आहे. तेथें पादत्राणें काढून कडेनें उभें राहावें, आणि आपलें नांव दगडावर खरडण्याचा मोह आवरावा.

आतां शेवटचें सांगणें. या मासिकाच्या वाचकांत असे पुष्कळ असतील, कीं ज्यांचे आजे-पणजे याच किनाऱ्यावरून पोटासाठीं घाट चढून गेले. कोणाच्या घराला आज कुलूप आहे, कोणाच्या परसांतला माड कोणी उतरवीत नाहीं, कोणाच्या कुलदेवतेचा नैवेद्य शेजारचे लोक भक्तीनें चालवितात. चार दिवसांपैकीं एक दिवस त्या घरासाठीं राखून ठेवावा. राजवाडा व देऊळ पाहण्यास तिकडे हजारों लोक जातात. ती ओटी झाडून दिवा लावणारें मात्र आपल्यावांचून कोणी नाहीं. कुलूप गंजून उघडेनासें झालें असेल, तर तेल सोबत न्यावें.