तळघरातली ओल

जबलपूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना तळघराची किंमत सांगायला नको. वर पारा 43 अंशांवर आणि खाली मात्र अंगावर चादर घ्यावी असा गारवा! माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना माई म्हणतो, एप्रिल लागला की गादी खाली नेतात. पण आषाढ आला की त्याच खोलीत त्यांचा दमा उसळतो. भिंतीला लोणा, कोपऱ्यात बुरशी, सगळीकडे कुबट वास. तरी माई वर यायला तयार नसत. सासरे गेल्यापासून त्यांची पुस्तकं खालीच आहेत ना!

एका ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा मारून पैसे नेले. दुसऱ्याच पावसाळ्यात पोपडे सुटले आणि पूर्वी गुडघ्यापर्यंत असलेली ओल कमरेपर्यंत चढली. आमचं घर जुनं, विटा आणि चुन्याचं. अशी भिंत आत आलेलं पाणी हळूहळू हवेत सोडते. सिमेंटने तिचं तोंडच बंद केलं, मग पाणी वर चढणार नाही तर काय!

शिवाय हे गाव बावन्न तलावांचं म्हणून ओळखलं जाई. हनुमानताल, अधारताल आजही आहेत, पण मढातालमध्ये आता दुकानं आहेत. आमची गल्ली त्याच बाजूची. तलाव बुजवला तरी उतार बदलत नाही, पावसाचं पाणी जुन्याच वाटेने येतं.

ओल कुठून येते, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावायचा आणि दोन दिवस थांबायचं. थेंब कागदाच्या मागे दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतून. आमच्याकडे दोन्हीकडे होते!

मग छताच्या पन्हळीचं पाणी पायापासून लांब सोडलं, अंगणाचा उतार भिंतीपासून बाहेर काढला, सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. श्रावणात खिडक्या बंद ठेवायच्या, हे मात्र माईंना पटेना. "वारा नको का घराला?" त्यांचं म्हणणं. पण पावसाळ्यातली दमट हवा गार भिंतीला लागली की तिचं पाणी होतं, गार तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसं. खिडक्या उघडायच्या त्या थंडीत, कोरड्या हवेत.

यंदा ओल पुष्कळ उतरली, गेली मात्र नाही. जमिनीतलं पाणी आपल्या हातात थोडंच असतं? दम्याच्या माणसाने पावसाळ्यात तिथे झोपू नये, हे डॉक्टरांनी माईंना किती वेळा सांगितलं असेल! शेवटी आम्ही त्यांना काही न बोलता पुस्तकांची दोन्ही कपाटं वरच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तो, माई गादीची वळकटी काखेत धरून एकेक पायरी चढत होत्या.