अस्वलाचा वसंत
तंजावरात एप्रिलचं ऊन तापलंय. आजारातून उठल्यापासून मी पडल्यापडल्या लडाखमधल्या द्रासचा नकाशा बघत असतो. तिथलं हिमालयातलं तांबूस अस्वल साधारण याच सुमारास गुहेबाहेर येतं, भुकेलं, मुळं उकरत. काश्मिरात जुने शिकारी नेमकी हीच वेळ साधत. बर्फावर ते लांबून दिसे, हिवाळ्यातली दाट लव अजून अंगावर असे. पुढे कायद्याने ही शिकार थांबली, फार बरं झालं. मी तिकडे दुर्बीण घेऊनच जाणार. सरफोजीराजांनी 'देवेंद्र कुरवंजी'त जगाचा भूगोल मांडला, तोही मराठीत, इथे तंजावरात बसून. दूरची ओढ या गावाला जुनीच. पण जिना उतरताना पाय कापतात, तेव्हा मला ते अस्वलच आठवतं. महिनोन्‌महिने उपाशी राहून पहिल्यांदा उभं राहताना त्याला काय वाटत असेल? द्रासच्या वाटेवरची झोजिला खिंड कधी उघडते, ते बघायचं.